अंगठ्याएवढी फट

"ती फट बुजवू नकोस, पोरी," असं वॉल्टर बॉरेट यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवून, बागेतल्या बीटची जुडी पुढे धरून. "ओक तोडला म्हणून मरत नाही. थंडीत फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. ती फट म्हणजे त्याची कूस बदलायची जागा. आणि घराला घरातलं ऐकू यायला हवं."

टॅम्सिनने बीट घेतले आणि सल्ला तिथेच कुंपणावर ठेवून दिला.

यात तिचा उद्धटपणा नव्हता. अकरा महिन्यांचं मूल कडेवर असलेल्या बाईला सल्ल्यांची टंचाई नसते. पोस्टात तिला कुणी म्हणे, बाळाला टोपी घाल. बाहेर पडेपर्यंत दुसरं कुणी म्हणे, एवढ्या उकाड्यात टोपी कशाला? पाळणा खिडकीपाशी ठेव, खिडकीपाशी अजिबात ठेवू नकोस, रडू दे, रडू देऊ नकोस. या सगळ्यांना उत्तर म्हणून टॅम्सिनने एक हसू तयार केलं होतं. ते तिने बॉरेट यांनाही दिलं. बॉरेट चाळीस वर्षं सुतारकाम केलेले गृहस्थ, वय ब्याऐंशी. त्यांनी ते हसू ओळखलं, टोपीला हात लावला आणि ते आपल्या अर्ध्या घरात निघून गेले.

अर्ध्या म्हणजे खरोखरच अर्ध्या. ब्लॅकथॉर्न फार्म हे घर चारशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने एकच म्हणून उभं केलं आणि पुढे कुणीतरी त्याचे मधोमध दोन भाग केले. ओकच्या तुळयांना मात्र हे कुणी कळवलं नाही. टॅम्सिनच्या स्वयंपाकघरात उगवलेली तुळई सरळ (नव्हे, सरळ त्या घरात काहीच नव्हतं) वाकडीतिकडी चालत बॉरेट यांच्या खोलीत जाऊन मावळत असे. टॅम्सिनच्या नवऱ्याने, डंकनने, इकडे एखादा खिळा ठोकला की तिकडे बॉरेट यांच्या फडताळातल्या बशा वाजत. वरच्या मजल्याची जमीन तर अशी उतरती होती, की बाळाचा, म्हणजे फ्लोराचा, चाकांचा पाळणा पहिल्याच आठवड्यात भिंतीपासून दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आला. तेव्हापासून फ्लोरा खालच्या मजल्यावर, धुराड्याशेजारच्या खोलीत झोपू लागली. पलीकडे बॉरेट यांनीही गुडघ्यांमुळे आपला पलंग खाली आणला होता. दोघांच्या मध्ये होती ओकच्या चौकटीत बसवलेली एक कुडाची भिंत, म्हणजे हेझलच्या काठ्या विणून त्यावर माती, पेंढा आणि शेण लिंपलेलं. आणि ती भिंत जिथे खांबाला भेटत होती तिथे, नव्हे, जिथे भेटत नव्हती तिथे, छातीच्या उंचीपासून जमिनीपर्यंत एक फट होती. आरामात अंगठा जाईल एवढी.

त्या फटीतून रोज पहाटे पाच वाजता वॉल्टर बॉरेट सगळेच्या सगळे इकडे यायचे.

आधी पलंग करकरायचा. मग दोन लहान खोकले. मग थोडा विराम, आणि मग कुणीतरी जड कपाट ओढत न्यावं तसा एक मोठा खोकला. त्यानंतर रेडिओ. रेडिओवरची बाई खवळलेल्या समुद्रावर कुठे किती वारा आहे ते शांतपणे सांगायची. समुद्र तिथून तीस मैलांवर होता आणि बॉरेट जन्मात कधी बोटीत बसले नव्हते, पण खलाशांची काळजी त्यांनी कधी चुकवली नाही. शेवटी चहाच्या कपात चमचा. सात वेळा.

चमच्यापर्यंत फ्लोरा कधीच थांबत नसे. ती मोठ्या खोकल्यालाच उठून बसायची, आणि एकदा उठलेल्या फ्लोराला पुन्हा झोपवणं म्हणजे सांडलेला मध बरणीत परत भरणं. टॅम्सिन शिकलेली मुलगी. विद्यापीठात तिने तीन वर्षं इतिहास अभ्यासला होता आणि पुरावा नोंदवून ठेवायची सवय तिला तिथेच लागली होती. पाळण्याजवळच्या वहीत नोंदी असत: '५.०४ लहान खोकला. ५.०५ लहान. ५.०६ मोठा. ५.०६ फ्लोरा.' अशी दोनशे बारा पानं झाली होती. टॅम्सिनला या जगाकडून फक्त एक गोष्ट हवी होती: सकाळी सातपर्यंत झोप. मोठं घर नको, परदेशवारी नको. त्याच आठवड्यात दुकानाच्या रांगेत ती बटाट्यांची पिशवी खांद्यावर घेऊन थोपटत, डोलत उभी राहिली होती. फ्लोरा डंकनकडे घरी होती. सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या तीन बायकांनी पिशवी जागी होऊ नये म्हणून आवाज बारीक केला होता.

म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी डंकनने फोमचा डबा आणला.

डंकन विमा कंपनीत नोकरीला होता. इतरांच्या घरांना काय काय होऊ शकतं याचा त्याचा अभ्यास दांडगा होता; स्वतःच्या घराला काही होऊ शकतं हे मात्र त्याला पटत नसे. डब्यावर लिहिलं होतं, 'थोडासाच वापरा, फुगतो.' डंकनने फटीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत एक सढळ रेघ ओढली आणि दोन पावलं मागे सरकून तो कौतुकाने बघत राहिला. रेघ फुगली. मग आणखी फुगली. भांड्याबाहेर आलेल्या पिठासारखी ती फटीतून बाहेर आली, खांबावर चढली, आणि जमिनीवर एक पिवळं नाक काढून थांबली.

"जास्त झाला का?" टॅम्सिनने विचारलं.

"नाही गं. आत धरून ठेवायला एवढा लागतोच," डंकन म्हणाला. विमावाल्याचा आवाज होता तो. त्यावर पुढे प्रश्न विचारता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॉरेट कुंपणाशी आले. हातात एका काळ्या कोटाची बाही होती. नुसती बाही.

"तुमचा तो पिवळा पदार्थ आमच्याकडेही आलाय," ते म्हणाले. "भिंतीला कोट टांगला होता. बसला चिकटून. काही बिघडलं नाही, अंत्ययात्रांचा कोट होता, आणि आता माझ्या ओळखीचं जायचं कुणी राहिलंय कुठे?"

टॅम्सिनने चार वेळा माफी मागितली. बॉरेट यांनी पाच वेळा 'छे छे' म्हटलं. मग दोघं हवामानावर बोलले आणि संकट टळलं.

पण त्या रात्री फ्लोरा झोपली आणि सकाळी सात वाजता उठली. टॅम्सिन घाबरून सहा वाजता उठली, मूल श्वास घेतंय ना ते पाहिलं, पुन्हा झोपली, आणि पुन्हा उठली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं. वहीत त्या दिवशी एकच शब्द आहे: 'सात.' खाली तीन रेघा. फटीपलीकडे पलंग करकरला की नाही, समुद्रावर वारा होता की नाही, काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. असे बारा दिवस गेले. बारा दिवसांनी मिसेस पॉलीन थरलो चहाला आल्या.

मिसेस थरलो क्रेकहोल्ट गावातल्या चर्चची फुलं, चर्चचं पत्रक आणि लोकांच्या चुका एकटीने सांभाळत. बाळाला पाहायला म्हणून त्या खोलीत गेल्या आणि बाळाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"फोम. फट होती तिथे."

"टॅम्सिन, हे सरकारी वारसा-यादीतलं घर आहे." मिसेस थरलोंनी कुणी मेल्यावर काढतात तसा आवाज काढला. "माझ्या बहिणीच्या दिरांनी मोरपिशी रंगाचं दार बसवलं, तर कौन्सिलने दोन वर्षं छळलं. मी काही कुणाला सांगणार नाही हो. मी तुझ्या जागी असते तर मात्र स्वतःच सांगून टाकलं असतं. म्हणजे कसं, नंतर दुसरं कुणी सांगण्यापेक्षा..."

टॅम्सिनने ओळखलं की दुसरं कुणी म्हणजे कोण. शिवाय ती मुळात अशी बाई, की दुकानात चुकून जास्त सुटे पैसे आले तर परत करायला दोन मैल चालत जाईल. तिने कौन्सिलला फोन केला. कचऱ्यासाठी एक, खड्ड्यांसाठी दोन, मृत प्राण्यांसाठी तीन. वारशासाठी आठ दाबून ती अठ्ठावीस मिनिटं व्हायोलिन ऐकत राहिली. त्यात फ्लोरा झोपली आणि टॅम्सिनही.

वारसा अधिकारी मिस्टर पेनरी हे टॅम्सिनने आजवर पाहिलेले पहिले गृहस्थ, की जे तिच्याहून दमलेले दिसत होते. त्यांच्याकडे साडेतीनशे जुनी घरं होती आणि त्यातल्या प्रत्येकात एकेक डंकन होता. त्यांनी फोमकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. फोम तिथेच होता.

"यासाठी परवानगी लागते," ते म्हणाले.

"मग आम्ही काढून टाकतो. आजच काढतो."

"काढायलाही परवानगी लागते."

"म्हणजे घालायला परवानगी लागत होती, ती आम्ही घेतली नाही, आणि आता काढायची परवानगी मिळेपर्यंत..."

"हात लावायचा नाही," पेनरी म्हणाले. "आठ आठवडे. अर्ज, नकाशा, घराच्या इतिहासाचं टिपण, आणि त्या फटीत वटवाघळं राहत नव्हती याचा दाखला."

"वटवाघळं तळघरात राहतील, माळ्यावर राहतील. बाळाच्या खोलीत कशाला राहतील?"

"मलाही तसंच वाटतं, बाईसाहेब. पण वाटण्यासाठी रकाना नाही."

मग त्यांनी टॉर्च तोंडात धरून, गुडघ्यांवर रांगत, भिंतीचं इंच न् इंच मोजलं. खांबावर फोमखालून डोकावणारे, जुन्या सुताराने पटाशीने कोरलेले आकडे वाचले. फटीचंही माप घेतलं, वर, मध्ये, खाली, आणि तीन आकडे कागदावर टिपले. बुजलेल्या फटीचं माप कशाला, हे टॅम्सिनला तेव्हा कळलं नाही. तिला एवढंच कळलं की आठ आठवडे ती झोपणार. म्हटलं तर शिक्षाच, पण अशी शिक्षा तिने जन्मठेपेचीही भोगली असती.

फक्त ओकला आठ आठवड्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस लागला. खांब फुगायला लागला, कूस बदलायला गेला तर जागा नाही. त्याने भिंतीला ढकलायला सुरुवात केली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कुडाची भिंत फ्लोराच्या खोलीत पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. टॅम्सिनने पाळणा पार समोरच्या भिंतीशी नेला आणि वहीत झोपेच्या जागी पोटाची मापं लिहू लागली. सोमवार, दोन इंच. गुरुवार, सव्वादोन इंच. डंकन म्हणाला, भिंतींना असं होतं. मिसेस थरलो म्हणाल्या, मी कुणाला सांगितलं नाही हो. मिस्टर पेनरी फोनवर म्हणाले, हात लावू नका. बॉरेट यांनी कुंपणावरून घराकडे बघून मान हलवली आणि कोबी दिला.

आणि मग त्या मंगळवारी सकाळी भिंतीवर ठकठक सुरू झाली.

फोममधून, मातीतून, दबलेली अशी: ठक, ठक, ठक. थोडा वेळ शांत. पुन्हा ठक, ठक, ठक. त्या वेळी फ्लोराची दाढ येत होती आणि ती पहाटेपासून घर डोक्यावर घेऊन बसली होती.

आता, क्रेकहोल्टमध्ये तक्रार करायची एक रीत आहे. तक्रार तोंडाने करत नाहीत. आधी हवामानावर बोलताना जरा थंडपणे बोलायचं. त्याने भागलं नाही तर तिसऱ्याच माणसाला सांगायचं. आणि अगदीच सहन होईना, तर भिंतीवर ठोकायचं. भिंतीवर ठोकणं म्हणजे कडेलोट. त्याच्या पुढची पायरी घर विकणं. टॅम्सिनला वाटलं, हे तेच. तिने फ्लोराला उचललं, स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, आणि तिच्या तोंडात गार चमचा दिला.

ठक, ठक, ठक.

तिने लिंबाचा केक केला. चिठ्ठी लिहिली: 'प्रिय मिस्टर बॉरेट, फ्लोराच्या रडण्याचा आपल्याला त्रास होतोय, त्याबद्दल अतिशय दिलगीर आहोत. दाढ येते आहे.' केक त्यांच्या पायरीवर ठेवला, चिठ्ठी दाराच्या फटीतून आत सरकवली आणि दार उघडायच्या आत पळून आली, कारण दिलगिरी समोरासमोर व्यक्त करणं दोघांनाही जड गेलं असतं.

दुपारी पुन्हा ठक, ठक, ठक.

आता टॅम्सिनच्या आत काहीतरी पेटलं. केक खाऊनही? दोनशे बारा पानं! दोनशे बारा पानं तिने त्या माणसाचा खोकला सोसला. ब्र काढला नाही, एका शब्दाने नाही, एकदाही भिंतीवर ठोकलं नाही. (फोम भरला, पण फोम म्हणजे ठोकणं नव्हे.) आणि याला एक दिवस एका लेकराची दाढ सोसवत नाही? तिने दुसरी चिठ्ठी लिहिली. तिचे चार मसुदे झाले. पाचवा असा: 'प्रिय मिस्टर बॉरेट, आपली अडचण आम्ही समजू शकतो. तथापि, भिंतीवरच्या आवाजाने बाळ अधिकच बिथरतं. तो थांबवता आल्यास आम्ही आपले मनापासून आभारी राहू.' त्यातलं 'तथापि' म्हणजे क्रेकहोल्टच्या भाषेत थोबाडीत मारणंच होतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

चिठ्ठी आत पडल्यावर ठकठक थांबली. लगेच थांबली.

संध्याकाळी डंकन म्हणाला, "जाऊन विचारू या का एकदा?"

"आता? सात वाजून गेलेत. जेवत असतील."

त्या रात्री फ्लोरा दमून झोपली. टॅम्सिनला झोप आली नाही. जिंकल्याचा आनंद असा जागं का ठेवतोय, तिला कळेना. पाच वाजता ती भिंतीच्या पोटाला कान लावून बसली. एका बाईने आठ महिने देवाकडे जे मागितलं होतं ते सगळं त्या भिंतीत होतं: करकर नाही, खोकला नाही, वारा नाही, चमचा नाही.

डंकन कामावर गेल्यावर ती फ्लोराला घेऊन बाहेर आली. बॉरेट यांच्या धुराड्यातून धूर नव्हता. पायरीवर केक तसाच होता, आणि त्यावर एक कावळा आपल्या मालकीचा असल्यासारखा उभा होता.

तिने दार वाजवलं. हळू. मग जरा जोरात. आतून कडी होती. मागचं दारही तसंच, पडदे ओढलेले. आता तिने सरळ हाक मारायला हवी होती, पण दुसऱ्याच्या दाराशी ओरडायचं तर निदान आग तरी लागलेली असावी असा तिच्यावरचा संस्कार. "मिस्टर बॉरेट?" ती दाराच्या फटीला म्हणाली, पत्ता विचारावा तशी. मग ती घरात पळाली, फ्लोराला पाळण्यात ठेवलं, पाव कापायची सुरी घेतली आणि मिस्टर पेनरी यांचे आठ आठवडे संपलेले नसताना फोममध्ये खुपसली.

जेमतेम वीतभर कापलं असेल. ओकने सुटकेचा निःश्वास टाकला, खराखुरा, कानांनी ऐकू येणारा, आणि चारशे वर्षांची ती भिंत काठ्यांसकट, पेंढ्यासकट, एखाद्या दमलेल्या म्हातारीसारखी खोलीत येऊन बसली. धूळ उडाली. फ्लोराने टाळ्या वाजवल्या.

धूळ खाली बसली तेव्हा पलीकडे जमिनीवर वॉल्टर बॉरेट दिसले. पलंगाला पाठ टेकून, अंगावर ओढून घेतलेली रजई, एका पायात बूट, दुसरा पाय भलत्याच दिशेला. हातात काठी. शेजारी बिस्किटांचा रिकामा डबा, आणि मांडीवर तिच्या दोन्ही चिठ्ठ्या, दारापासून काठीने ओढून घेतलेल्या, नीट घडी केलेल्या.

"सकाळी सकाळीच भिंत पाडलीस होय?" ते म्हणाले. आवाज इतका कोरडा पडला होता, की दाराबाहेर गेलाच नसता. "मी सांगितलं होतं, ओकला कूस बदलायला जागा लागते."

"मिस्टर बॉरेट! कधीपासून..."

"कालपासून. बूट घालत होतो. पाय एकीकडे गेला, मी दुसरीकडे."

"फोन?"

"खणात आहे. बंद करून ठेवलाय. झिजू नये म्हणून."

"अहो, मग हाक का नाही मारलीत?"

"मारली की. दोनदा. मग म्हटलं, लेकरू झोपलं असेल."

टॅम्सिन भोकातून रांगत पलीकडे गेली. दोन घरं वेगळी झाल्यापासून बाहेर न जाता इकडून तिकडे गेलेलं ते पहिलंच माणूस असावं. तिने त्यांना पाणी पाजलं, रुग्णवाहिकेसाठी फोन लावला, कडी काढली, आणि सगळं झाल्यावर जे विचारायची भीती वाटत होती ते विचारलं.

"ठोकायचं का थांबवलंत?"

बॉरेट यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं.

"तू इतकं छान लिहिलं होतंस, पोरी. इतक्या अदबीने कुणी विनवलं तर मोडवत नाही."

टॅम्सिन तिथेच धुळीत बसली आणि रडली. बॉरेट यांना इतकं अवघडल्यासारखं झालं, की ते तिला उद्याच्या पावसाबद्दल सांगू लागले.

घोट्याचं हाड मोडलं होतं. तीन आठवड्यांनी, प्लास्टरसकट, नव्या कुबड्यांना जुन्या सुताराच्या नजरेने नावं ठेवत ते परत आले, आणि त्याच दिवशी मिस्टर पेनरी भोक पाहायला आले. भोक बराच वेळ पाहून त्यांनी फॉर्म काढला.

"विनापरवानगी पाडकाम," ते हताशपणे म्हणाले. "कारण लिहावं लागेल. पर्याय आहेत: दुरुस्ती, विस्तार, शोभा, आपत्ती."

"शेजारी जिवंत आहेत का ते बघायला."

पेनरींनी फॉर्म उलटापालटा केला. "रकाना नाही," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढता काढता, "असायला हवा." मग त्यांनी आपत्तीवर खूण केली.

भिंत होती तशीच परत उभी करायची होती. तेच सामान, तीच रीत. म्हणजे हेझलच्या काठ्या, तळ्याकाठची चिकणमाती, पेंढा आणि शेण. शेणावरून दोन दिवस वाद झाला. बॉरेट खुर्चीत बसून म्हणाले, गवतावरच्या गाईचंच हवं, गोठ्यात खाद्य खाणारीचं चालणार नाही, ते धरत नाही. मिसेस थरलो म्हणाल्या, त्यांच्या ओळखीत एक अतिशय चांगल्या घरची गाय आहे. टॅम्सिनने रबरी बूट काढून अनवाणी चिखल तुडवला, डंकनने बादल्या वाहिल्या, आणि मिसेस थरलोंनी फुलांचे हातमोजे घालून शेण कालवताना निक्षून सांगितलं की हे त्या कुणालाही सांगणार नाहीत. फ्लोराने ओल्या भिंतीवर सपकन हात मारला. पाच बोटं उठली.

पेनरी वाकून बघत राहिले. "हे मूळ भिंतीत नव्हतं."

"पुसू का?"

"नको. पुसायला परवानगी लागेल."

राहिली खांबाजवळची जागा. टॅम्सिनने मातीचा गोळा हातात घेतला होता, तेवढ्यात पेनरींनी आपला पहिल्या भेटीचा कागद उघडला. वर, मध्ये, खाली, तीन आकडे.

"थांबा. इथे फट होती."

"हो, तीच तर..."

"होती तशीच करायची म्हटलं की फटही आली. एकोणीस मिलिमीटर. ती नोंदलेली आहे." त्यांनी दमलेल्या डोळ्यांनी टॅम्सिनकडे पाहिलं. "यापुढे ती बुजवणं हा गुन्हा आहे."

खुर्चीतले बॉरेट छताकडे बघत होते. अगदी निरागसपणे.

तर आता पुन्हा पाच वाजता पलंग करकरतो. दोन लहान खोकले, एक मोठा. त्यात एका गोष्टीची भर पडली आहे. टॅम्सिनने उगीच काळजी करत जागं राहू नये म्हणून मोठ्या खोकल्यानंतर बॉरेट फटीला तोंड लावून हळूच सांगतात, "आहे गं, पोरी." त्यानेच फ्लोरा उठते. उठते, पाळण्यातून खाली उतरवली की रांगत फटीपाशी जाते आणि तिला येतो तो एकुलता एक शब्द उलट ओरडते, "आहे!" मग दोघं मिळून समुद्रावरचा वारा ऐकतात. टॅम्सिन मात्र पावणेपाचलाच जागी होऊन बसलेली असते. वही संपली. नवी तिने आणली नाही.

एकच अडचण होती. नाताळात सहा दिवस डंकनच्या आईकडे जायचं कबूल केलं होतं, आणि त्या सहा दिवसांत फटीच्या या बाजूला कुणी असणार नव्हतं. टॅम्सिनने चर्चच्या पत्रकासाठी चार ओळी लिहून मिसेस थरलोंना दिल्या. त्या म्हणाल्या, जरा लांबलंय, शिवाय पत्रकात असं थेट लिहायची पद्धत नाही. 'तथापि' वगैरे घालून मऊ करू का? टॅम्सिन आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाली. म्हणून ते तसंच छापलं गेलं:

'तेवीस ते अठ्ठावीस डिसेंबर आम्ही गावात नाही. ब्लॅकथॉर्न फार्मच्या रस्त्याने जाणार असाल, तर डावीकडच्या धुराड्याकडे बघा. आठपर्यंत धूर दिसायला हवा. नाही दिसला तर मिस्टर बॉरेट यांच्या दाराशी जा. जेवत असले तरी जा. ते म्हणतील, छे छे, काही झालं नाही. तरी आत जाऊन बघा. दार वाजवा, मोठ्याने हाक मारा. कृपा करून चिठ्ठी टाकू नका.'